आयकॉन सुधारला

वहिनींचं काम घरात कुणालाच नीट कळलेलं नव्हतं, आणि आपल्याला कळलंय असं ज्यांना वाटायचं त्यांना तर मुळीच नव्हतं.

सकाळी त्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायच्या, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. "पहिलं बरं दिसतंय की दुसरं? खालची ओळ वाचा बघू." हे काम लहान पोरालाही समजतं. पण दुपारी घरी येऊन, जेवून, त्या मागच्या खोलीत संगणकापुढे बसल्या की दुसरं काम सुरू व्हायचं. त्याला पगार नव्हता, साहेब नव्हता आणि रजाही नव्हती. संगणक चालवायची लिनक्स नावाची एक मोफत व्यवस्था आहे. ती वापरणारी माणसं जगभर विखुरलेली, आणि जिथे असतील तिथे आपलंच खरं करणारी. त्यांच्यासाठी कुणी हौशी माणूस एखादा प्रोग्राम लिहितो. पण लिहिला म्हणून तो चालत जाऊन लोकांच्या संगणकात बसत नाही. त्याचं पॅकेज बांधावं लागतं. त्याला सोबत काय काय लागतं ते बघायचं, कुठली फाइल कुठे जाईल ते ठरवायचं, आधीची आवृत्ती बसलेली असेल तर तिला धक्का न लावता नवी बसेल असं करायचं, आणि मग ते सगळं एका मोठ्या सामाईक भांडारात नेऊन ठेवायचं. तिथून ते अपडेट म्हणून घरोघरी पोचतं. वहिनी ही पॅकेजं बांधायच्या.

"म्हणजे तू कुरियर," त्यांचा धाकटा दीर म्हणाला होता.

"कुरियरवाला दारात टाकून जातो, भाऊजी. मी आत जाऊन सामान लावून येते."

"म्हणजे हमाल."

"हमालाला पैसे मिळतात," वहिनींचा नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसातून चार-पाच वाक्यंच बोलायचा, पण ती जपून वापरायचा.

दीर साइनबोर्ड पेंटर होता. घराच्या तळमजल्यावरच त्याचं दुकान. आसपासच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्याचं मत ऐकायला वेळ काढून बसावं लागे. "अक्षराला सावली कशी पडते ते ठाऊक नाही आणि चालले पाट्या रंगवायला!" तो वहिनींना 'वहिनी' म्हणायचा म्हणून अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, आणि लिनक्सवाल्या मंडळींत टोपणनाव घ्यायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून तिथेही त्यांनी 'वहिनी' हेच लिहून टाकलं. त्यामुळे कुठल्या कुठल्या देशांतली दाढीवाली माणसं त्यांना अदबीनं 'वहिनी' म्हणून मेल पाठवायची. अर्थ कुणालाच माहीत नव्हता.

त्यांच्याकडच्या पॅकेजांत सगळ्यांत लाडकं होतं 'कूजन'. पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे, पडद्यावर त्यांच्या रेघा बघायच्या आणि पक्षी कोणता ते ताडायचं, असा तो प्रोग्राम. दुसऱ्या गावातल्या एका दंतवैद्यानं तो फावल्या वेळात लिहिला होता. त्याला फावला वेळ बराच मिळत असावा, कारण प्रोग्राम फार सुरेख होता. मात्र त्याला कूजन असं कुणीच म्हणत नसे. सगळे म्हणत 'किटली'. कारण त्याचा आयकॉन, म्हणजे ज्यावर क्लिक केलं की प्रोग्राम उघडतो ते चित्र, हा खरं तर एक निळा पक्षी होता; निदान दंतवैद्यानं तसं लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती पोट सुटलेली निळी किटली दिसायची. तिला तीन पाय होते.

अडचण आली ती भांडाराच्या नव्या नियमामुळे. भांडारातले प्रोग्राम लोक एका सजवलेल्या यादीतून निवडायचे. मंडळींनी ठरवलं, की आता ज्यांचा आयकॉन अमुक मापाहून लहान असेल ते प्रोग्राम त्या यादीत दिसणारच नाहीत. किटली अगदी नखाएवढी होती. मोठी करून बघितली की तिचे नुसते निळे ठोकळे व्हायचे. वहिनींनी दंतवैद्याला मेल टाकली: मूळ चित्र मोठ्या मापात असेल तर पाठवा. उत्तर नाही. पुन्हा टाकली. नाही. तिसऱ्या मेलमध्ये त्यांनी 'कृपया' दोनदा लिहिलं. तरीही नाही.

"दाताचा डॉक्टर ना? दुखायला लागल्याशिवाय त्याच्याकडे कुणी जात नाही, तसा तोही दुखल्याशिवाय बोलणार नाही," दीर म्हणाला. मग वहिनींच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाला, "हे काय आहे?"

"पक्षी."

"ह्याला पक्षी म्हणतात? वहिनी, जगात कुणाची तरी ही पाटी आहे आणि ती अशी? मला दे एक दिवस."

आता इथे वहिनींनी थांबायला हवं होतं. पण नियमाची मुदत जवळ आली होती, दीर उत्साहात होता, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ती किटली कधी फारशी आवडली नव्हती. दीरानं दुसऱ्या दिवशी पक्षी आणून दिला. काय पक्षी होता! पिवळाधमक, फांदीवर ऐटीत बसलेला, पंखांवर उजेड पडलेला, डोळ्यात एक पांढरा ठिपका, त्यामुळे तो कुठूनही बघितलं तरी आपल्याकडेच बघायचा. आणि अर्थातच खाली सावली.

वहिनींनी चित्र स्कॅन केलं, मापात बसवलं, पॅकेज नव्यानं बांधलं. प्रोग्राम तोच होता, त्यामुळे आवृत्ती तीच ठेवून शेवटचा आकडा तेवढा वाढवला. काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं: 'आयकॉन सुधारला.' मग रीतीप्रमाणे पॅकेज आठवडाभर चाचणीच्या फळीवर ठेवलं. चाचणी करणाऱ्यांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. करणार कसं? ही मंडळी चित्रांच्या वाटेला न जाता प्रोग्राम उघडतात तेच मुळी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करून. आयकॉन नावाची वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेली नव्हती. वहिनींना हे नंतर सुचलं.

अपडेट सगळीकडे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जेवून संगणकापुढे बसल्या तर मेलपेटी फुगून बसलेली.

'किटली कुठे गेली?'

'माझ्या संगणकावरून किटली पुसली गेली आहे. कृपया परत बसवा.'

'माझी बायको रोज सकाळी किटलीवर क्लिक करते. आज तिने पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीवर क्लिक करून बघितलं. आता आमचा प्रिंटर सापडत नाही.'

'नवा पक्षी छान आहे. पण तो माझ्याकडे बघतो. हे बंद कसं करायचं?'

वहिनींनी प्रत्येकाला शांतपणे उत्तर लिहिलं, की प्रोग्राम जागेवरच आहे, फक्त चित्र बदललंय. पण संध्याकाळपर्यंत प्रकरण भलत्याच वळणावर गेलं. कूजन वापरणारे सगळे पक्षिनिरीक्षक होते, ही गोष्ट वहिनींच्या ध्यानातच आली नव्हती. इतकी वर्षं किटलीबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं, कारण किटली ही कुठल्याच जातीची नसते. आता त्यांच्यापुढे पक्षी आला होता, आणि पक्षी समोर आला की गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकानं लिहिलं, रंग हळद्याचा आहे पण चोच खंड्याची. दुसऱ्यानं लिहिलं, चोचीचं सोडा, शेपूट धोबी पक्ष्याची आहे. तिसऱ्यानं मापं घेऊन सिद्ध केलं, की एवढ्या पायांवर एवढा पक्षी उभाच राहू शकत नाही. त्यावरून आपसात जुंपली. शेवटी एका वयोवृद्ध बाईंनी निकाल दिला: 'असा पक्षी पृथ्वीवर नाही. असता तर मी पाहिला असता.'

वहिनी हे वाचत असताना दीर मागे येऊन उभा राहिला होता. त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"पृथ्वीवर नाही म्हणजे?" तो म्हणाला.

"भाऊजी, लोक आहेत. बोलतात."

"चोच चुकली म्हणे! बेकरीच्या पाटीवर मी सिंह काढलाय, त्याला आजवर कुणी विचारलंय तुझे दात बरोबर आहेत का म्हणून?" आणि तो तडक खाली निघून गेला. खालून डबे आपटल्याचा आवाज आला.

"रंगाचे असतील, रिकामेच आपटतोय," नवरा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दंतवैद्याचा फोन आला. मेलला उत्तर न देणारा माणूस थेट फोन करतो म्हणजे आता बोलणी खायची, असं वहिनींनी धरूनच ठेवलं. आवाज मात्र मऊ होता. मागे कसलं तरी यंत्र गुंगुं करत होतं.

"वहिनी बोलताय ना? मी कूजनवाला. जरा मोठा आ करा. तुम्हाला नाही."

"डॉक्टर, मी तुम्हाला तीन मेल टाकल्या होत्या," वहिनी घाईनं म्हणाल्या.

"वाचल्या की. तिन्ही वाचल्या." मागचं यंत्र थांबलं. "उत्तर काय देणार? मोठं चित्र माझ्याकडे नाहीच. मुलगी सहा वर्षांची असताना तिनं काढून दिलं होतं. मी ते छोटं करून संगणकात घातलं आणि कागद कुठेतरी जपून ठेवला. मग घर बदललं. तुमची पहिली मेल आल्यापासून रोज एक खोका उघडतोय. सापडला की लिहू म्हटलं. हं, आता गुळणी करा."

लोकांच्या शिव्या एक वेळ परवडल्या, हे परवडणारं नव्हतं. "मी उद्याच जुनं चित्र परत लावते," त्या म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना कळलं की ते तितकं सोपं नाही. एकदा अपडेट घरोघरी गेलं की ते मागे बोलावता येत नाही. त्याच्यावर आणखी एक अपडेट पाठवता येतं, एवढंच. आणि त्यात नखाएवढी किटली घातली, तर नव्या नियमानं कूजन यादीतून गायब. त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे तीच हवी, पण मोठी," दंतवैद्य म्हणाला. "मग सोपं आहे. मुलगीच काढून देईल. ती आता इमारतींची चित्रं काढते, आर्किटेक्चर शिकतेय."

रविवारी सकाळी सगळे व्हिडिओ कॉलवर जमले. एका चौकटीत दंतवैद्य, पांढरा डगला नसल्यामुळे थोडा अपुरा वाटणारा. दुसऱ्या चौकटीत त्याची मुलगी, हातात पेन्सिल, कपाळावर आठ्या. तिला हे सगळं फारसं पसंत नव्हतं हे उघड होतं.

"बाबा, ते चित्र बदललं ते बरंच झालं होतं. मित्रमैत्रिणींना सांगायची सोय नाही, की जगभर लोकांच्या संगणकावर माझं ते गाठोडं बसलंय."

"लोक मागतायत गं," वहिनी म्हणाल्या.

लोक मागतायत म्हटल्यावर ती जरा हलली. तिनं काढायला घेतलं. पहिली किटली फार देखणी झाली. दुसरीही. तिनं मुद्दाम वाकडी रेघ मारली, तर ती रेघ मुद्दाम वाकडी मारल्यासारखी दिसायला लागली. मग डाव्या हातानं काढून बघितली. ती वाकडी झाली खरी, पण भलत्याच बाजूला. कागदांचा ढीग झाला.

"जमत नाही," ती शेवटी पेन्सिल ठेवून म्हणाली, आणि एवढ्या सगळ्यात पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. "हात ऐकतच नाही. मी हे कसं काढलं होतं?"

वहिनींनी मान वळवली. दीर दारात उभा होता. दोन दिवस तो मागच्या खोलीत फिरकला नव्हता. आताही आपण पाणी प्यायला आलो आहोत असा त्याचा आव होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"मी अजून काही विचारलं नाही."

"तू विचारणार की हे गाठोडं मोठं करून दे. मी पेंटर आहे, वहिनी. माझ्या हातून वाकडं काही निघत नाही."

"तेच म्हणतेय. नवीन काढायचं नाही, नक्कल करायची आहे. रेघेला रेघ. तुम्ही चौकटी आखून पाटी मोठी करता ना, तशी. पण कुणालाही जमेल असं नाही ते."

वहिनींनी हे शेवटचं वाक्य कशासाठी टाकलं ते दीराला पक्कं कळलं. तरीही तो गेला आणि पट्टी घेऊन आला.

पडद्यावर किटली शक्य तेवढी मोठी केली, त्यावर चौकटी पाडल्या, तेवढ्याच चौकटी त्यानं एका फळीवर आखल्या, आणि कॉल चालू ठेवूनच काम सुरू झालं. दुपारपर्यंत वहिनी त्याच्या मागे उभ्या होत्या. कारण त्याचा हात गपचूप सुधारणा करायचा. एकदा त्यानं पोटाची गोलाई नीट केली, ती पुसावी लागली. एकदा खाली हळूच सावली टाकली.

"भाऊजी!"

"सवय आहे. पुसतो." मग त्यानं पडद्याला नाक लावलं. "डॉक्टर, हा तिसरा पाय कशाचा?"

"ती हालचाल आहे," दंतवैद्य आनंदानं म्हणाला. "पक्षी उडायच्या बेतात आहे. एक पाय पुढे टाकतोय, तर तो दोन जागी दिसतो. सहा वर्षांच्या मुलीला हे सुचावं, म्हणजे बघा."

"आणि डोक्यावर हे?"

"तुरा."

दुसऱ्या चौकटीत मुलगी छताकडे बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "ती किटली आहे."

"काय?"

"किटलीच आहे. तुमची, दवाखान्यातली. तुम्ही प्रोग्राम लिहीत बसायचात आणि ती शेगडीवर असायची. ते तीन पाय शेगडीचे. तो तुरा नाही, झाकणाची मूठ आहे. मी तुम्हाला दिलं तेव्हा तुम्ही म्हणालात, वा, काय पक्षी काढलास! आणि इतके खूश झालात, की मग मी नाही सांगितलं."

दंतवैद्य पडद्याशी वाकून ते चित्र न हलता बघत राहिला. वहिनींना वाटलं कॉलच अडकला. "मी प्रोग्रामच्या माहितीपत्रकात लिहिलंय," तो शेवटी म्हणाला, "की चित्रातला पक्षी काल्पनिक आहे." आणि मग तो हसायला लागला, इतका की त्याची चौकट हलली. मुलगीही हसली. दीर मात्र हसला नाही. तो ब्रश हातात धरून फळीकडे एका वेगळ्याच आदरानं बघत होता.

"आधी नाही का सांगायचं?" तो म्हणाला. "किटली म्हणून बघितलं तर चित्र वाईट नाही. तोटी झकास आहे."

त्यानंतर काम भराभर झालं. जिथे ठोकळ्यांत काही उमजेना तिथे तो मुलीला विचारायचा आणि ती डोळे मिटून आठवून सांगायची: ती वाफ, तो डाग, माझी कोपरं रंगात होती, ते माहीत नाही, तसंच ठेवा. फळी तयार झाली तेव्हा मुलीनं ती डोळे बारीक करून पाहिली आणि म्हणाली, "हो. हीच." मग तिनं दीराला विचारलं, की सरळ अक्षरं एवढी सरळ काढायला किती वर्षं लागतात, आणि पुढचा अर्धा तास वहिनींना त्यांचा संगणक परत मिळाला नाही.

नवं पॅकेज सोमवारी बांधून झालं. ह्या वेळी बदलाच्या ओळीत वहिनींनी 'सुधारला' हा शब्द टाळला. 'जुनं चित्र, मोठ्या मापात' एवढंच लिहिलं. चाचणीच्या फळीवर ठेवताना त्यांनी खाली ठळक अक्षरांत विनंती केली, की कृपया एकदा तरी आयकॉनवर क्लिक करून बघा. एका चाचणीवाल्यानं कळवलं, की करून बघितलं, गंमत वाटली.

अपडेट गेलं आणि मेलपेटी शांत झाली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. ह्या धंद्यात कुणी आभार मानत नाही. सगळं नीट चाललं की लोक तुम्हाला विसरतात, हीच शाबासकी. वहिनींना हे माहीत होतं. तरी त्या जेवण झाल्या झाल्या पेटी उघडून बघायच्या.

"कुणी शिव्या देत नाही म्हणून चैन पडत नाही का तुला?" नवऱ्यानं विचारलं.

आठवड्यानंतर एकच मेल आली. पृथ्वीवर असा पक्षी नाही असं म्हणणाऱ्या त्याच बाईंची. 'तो पिवळा पक्षी काढून टाकलात असं दिसतं,' त्यांनी लिहिलं होतं. 'तो चुकीचा होता ह्या मतावर मी ठाम आहे. पण रोज सकाळी तो माझ्याकडे बघायचा. एकटीच्या घरात तेवढं बरं वाटायचं. परत मिळू शकेल का?'

वहिनींनी दीराला वर बोलावून मेल वाचून दाखवली. त्यानं ती पुन्हा वाचायला लावली, 'चुकीचा'वर भुवई चढवली आणि 'बघायचा'वर उतरवली. "चोच बारीक करून देऊ का त्यांना?" तो म्हणाला.

"जशी आहे तशीच मागतायत."

मग वहिनींनी त्या दुपारी आणखी एक पॅकेज बांधलं, सगळ्यांत छोटं. त्यात पिवळ्या पक्ष्याशिवाय काहीच नव्हतं. ज्याला हवा त्यानं बसवून घ्यावा. बाकीच्यांची किटली जागेवर. भांडाराच्या मंडळींपैकी एकानं विचारलं, की एका बाईसाठी वेगळं पॅकेज कशाला? वहिनींनी त्याला उत्तर दिलं नाही. तो कधी तरी विसरेल ह्याची त्यांना खात्री होती.

दीर आता रोज संध्याकाळी हात पुसत वर येतो आणि विचारतो, "किती झाले?"

"दोन," वहिनी सांगतात.

"एक त्या बाई. दुसरं कोण गं?"

"असेल कुणी तरी," वहिनी म्हणतात, आणि पडदा जरा आपल्या बाजूला वळवून घेतात.